व्हरांड्यातली झांज

प्रभुलिंग शरणप्पा बिरादार, वय वर्षे त्रेचाळीस, राहणार गाणगापूर, तालुका अफजलपूर, जिल्हा कलबुर्गी. भाषा : घरी कानडी, दुकानात मराठी, पोलिसांशी हिंदी. व्यवसाय : ध्वनिमुद्रण, संकलन व मोबाइल दुरुस्ती. ओळखीची खूण : दोन्ही कानांच्या वर हेडफोनने केस दबून पडलेला कायमचा पट्टा. सदर इसमाविरुद्ध कोणत्याही ठाण्यात तक्रार नाही. आजवर बत्तीस भजनी मंडळांची गाणी त्याने सुधारून दिली असून एकाही मंडळाचे गाणे बिघडवल्याची नोंद नाही. वर्तन चांगले आहे, असे त्याच्याविषयी गल्लीत कोणालाही विचारले तरी सांगण्यात येईल.

त्याला स्वतःला विचारलं तर तो जरा वेळ घेईल.

दुकान देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत, एका लॉजच्या जिन्याखाली. पुढच्या बाजूला मोबाइलची काच बदलून मिळते, मागच्या खोलीत भजन बदलून मिळतं. या खोलीच्या भिंतींना त्याने लॉजमधून बाद झालेल्या गाद्या ठोकल्या आहेत. आवाज घुमत नाही, पण उन्हाळ्यात गाद्यांना अजून यात्रेकरूंचा वास येतो.

मंडळं येतात ती आळंद, जेवर्गी, अक्कलकोट अशा चहू बाजूंनी. माणसं गावात गातात तशीच इथंही गातात, म्हणजे सकाळी अकराला बसतात आणि तीनला उठतात. कुणी एक अभंग धरतो. तो निम्म्यावर असताना दुसऱ्याला कानडी पद आठवतं. पखवाजवाल्याला मध्येच चेव येतो आणि सगळे त्याच्यामागे धावतात. मग कुणीतरी तंबाखू थुंकायला उठतो, कुणी नळाला पाणी आलं का विचारतो, आणि पुन्हा सगळे त्याच ओळीवर येऊन बसतात, जणू मध्ये काही झालंच नाही. गाण्याला तोंड आणि शेवट असतो ही त्यांच्या लेखी शहरातल्या लोकांची अडचण.

प्रभुलिंग हे चार तास मुद्रित करतो आणि मग आठ दिवस बसून त्यातून पाच-पाच मिनिटांची सहा गाणी काढतो. पहिलं कडवं साडेबाराचं, दुसरं दोन वाजताचं. एकाने एकदाच नीट म्हटलेली ओळ तीन ठिकाणी लावायची. खोकला काढायचा, पाण्याची चौकशी काढायची, चेव निम्मा करायचा. झालेलं गाणं मंडळाने कधीच गायलेलं नसतं. मंडळ ते ऐकतं, माना डोलावतं आणि म्हणतं, ‘‘व्हय, असंच गायलो होतो बघा आम्ही.’’ या एका वाक्यावर प्रभुलिंगचं घर चालतं.

मागच्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी भीमेकाठच्या एका गावातलं बेस्तरवारचं मंडळ आलं. दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, बसतं म्हणून हे नाव. बारा माणसं. म्होरक्या चनमल्लप्पा पेटीवाले. पाच एकर ऊस, गोड गळा आणि त्याला न शोभणारी जीभ. आणि झांजेवर काशप्पा.

काशप्पांचं वय एकाहत्तर. ऐन उमेदीची पंचवीस वर्षं गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या, डाळमिलमध्ये तुरीची पोती उचलली, पण दर गुरुवारी गाडी पकडून गावी यायचे. मंडळात झांज धरून चव्वेचाळीस वर्षं झाली. पितळेची, ताटलीएवढी, वडिलांच्या हातची. ते बोलत फार नसत. त्यांच्या वाटणीचं बोलणं झांज करते अशी त्यांची समजूत असावी.

झांजेचा एक गुण असा की ती सगळ्या माइकांत घुसते. प्रभुलिंगने काशप्पांना बाहेर व्हरांड्यात बसवलं, चपलांच्या शेजारी. मध्ये काचेचं दार ओढलं, पुढ्यात एक वेगळा माइक ठेवला आणि आतलं गाणं ऐकायला हेडफोन दिला.

‘‘अप्पा, तुमचं वाद्य मोठं, म्हणून तुमची जागा येगळी.’’

काशप्पा खुश झाले. आतून चनमल्लप्पा ओरडले, ‘‘आम्हा अकरा जणांत चार माइक, अन् त्यांना एकट्याला एक! प्रभू, काशप्पा सासरा लागतोय का रे तुझा?’’

सगळे हसले. काचेपलीकडे काशप्पाही हसले. हेडफोन अजून कानांवर नव्हता, त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हटल्यावर मागे राहणं बरं नव्हे.

आठ दिवसांच्या कामात तिसऱ्या दिवशी प्रभुलिंग झांजेशी आला. कंप्युटरच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाची एक पट्टी दिसते, आणि ताल जिथं पडायला हवा तिथं उभी रेघ. काशप्पांचा ठोका रेघेच्या नंतर होता. पुढचाही नंतर. त्याच्या पुढचाही. प्रभुलिंग एकेक ठोका उचलून रेघेवर ठेवायला लागला. वीस मिनिटांनी त्याने हिशेब केला, सहा गाण्यांत मिळून हजाराच्या वर ठोके निघाले. त्याने काशप्पांची पट्टी बंद केली आणि कंप्युटरात तयार मिळते ती झांज लावून टाकली. ती कुठल्या देशात, कुणी वाजवून ठेवली होती कोण जाणे. रेघ सोडून ती केसभरही हलत नव्हती.

मग एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. पालुपदाच्या तोंडाशी, दर कडव्यानंतर, अकरा गळे किंचित थांबत होते. इतकं किंचित की ऐकू येत नाही, पडद्यावर दिसतं. गाणारे, पेटी, पखवाज, सगळे. जिथं थांबत होते तिथं आधी काशप्पांचा ठोका होता. म्हणजे अकरा माणसं एका माणसाची वाट पाहत होती आणि तो आला की पुढं निघत होती. प्रभुलिंगला क्षणभर वाटलं की हे काहीतरी आहे. पण दत्तजयंती सहा दिवसांवर होती. त्याने ती सगळी भोकं कापून बुजवली. गाणी दौडायला लागली.

मंडळ ऐकायला आलं. चनमल्लप्पांनी डोळे मिटून सहाही गाणी ऐकली आणि ते नेहमीचं वाक्य म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. काशप्पा पुढं सरकले.

‘‘प्रभू, ही माझीच न्हवं?’’

खोलीत आणखी अकरा माणसं होती. प्रभुलिंगने त्या अकराही जणांकडे पाहिलं.

‘‘तुमचीच की अप्पा.’’

‘‘लई सरळ वाजायली.’’

‘‘रेकॉर्डिंगमधी आपला आवाज आपल्याला येगळाच लागतोय. सगळ्यांना लागतोय.’’

शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. खोटं बोलायला खऱ्या वाक्याचा इतका चोख उपयोग त्याने त्याआधी केला नव्हता.

काशप्पांनी गळ्यात अडकवायचा एक छोटा स्पीकर घेतला. बाजाराला अफजलपूरला गेले की स्टँडवर बसायचे आणि सोलापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या कुणालाही थांबवायचे. ‘‘थांबा, आता येतंय बघा... हां! ह्यो मी.’’ प्रभुलिंगने एकदा हे पलीकडच्या फळांच्या गाड्यावरून पाहिलं. नको असलेली डझनभर केळी घेऊन तो मागच्या बाजूने निघून गेला.

‘‘सांगून टाका की त्यांना,’’ उमादेवी म्हणाली. ती त्याची बायको. दुकानाची पुढची बाजू तीच सांभाळते आणि मागच्या खोलीतलं कच्चं गाणं पातळ भिंतीतून सगळं ऐकते.

‘‘सांगितलं तर म्हातारा माणूस रडंल.’’

‘‘अन् न्हाई सांगितलं म्हणून तुम्ही कामून रडायलात?’’

‘‘मी कुठं रडायलोय?’’

‘‘मंग केळी कुणी खायची एवढी?’’

माघात मंडळाने आणखी एक पेनड्राइव्ह मागितला म्हणून प्रभुलिंग त्यांच्या गावी गेला. तिथं त्याने जे पाहिलं ते त्याच्या धंद्यात त्याआधी कधी झालेलं नव्हतं. चनमल्लप्पांनी नवी शिस्त घातली होती. बसायच्या आधी स्पीकरवर गाणं लावायचं, नीट ऐकायचं आणि मग तसंच गायचं. ‘‘आपण कसं गायलो होतो ते बघा अन् तसं गावा,’’ असा हुकूम. मंडळ स्वतःची नक्कल शिकत होतं. अकरा माणसांना दोन महिन्यांत ती जमलीही. पालुपदाच्या तोंडाशी आता कुणी थांबत नव्हतं. सगळे पुढं निघून जायचे आणि मग, मोकळ्या जागेत, एकटी झांज वाजायची.

चनमल्लप्पांनी पेटी थांबवली.

‘‘अप्पा, ह्यात ऐका की तुम्ही तुम्हालाच! कसं झ्याक वाजीवलंय. मंग आमच्यासंगंच कामून मागं पडायलात?’’

 काशप्पांनी उजवा हात उलटा करून पाहिला, मग सुलटा.

‘‘का आता माइक न्हाई पुढं, म्हणून मन लागंना?’’ चनमल्लप्पा म्हणाले. कुणीतरी हसलं. ‘‘प्रभू, तू सांग रे. तू तर एकेक ठोका ऐकलास.’’

‘‘थकले असतील,’’ प्रभुलिंग म्हणाला.

हे पहिल्यापेक्षा लहान खोटं होतं. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर ते पहिल्यापेक्षा जड झालं.

त्यानंतर हाताचे उपचार सुरू झाले. काशप्पांच्या बायकोने, लिंगम्माने, तिळाच्या तेलात लसूण जाळून चोळलं. मिठाच्या पाण्यात हात बुडवून झाला. आळंदला एकजण शिरा ओढतो, त्याच्याकडे जाऊन आले. तिथून आल्यावर चार दिवस हात सुजला तेवढा. आणि रोज सकाळी काशप्पा स्पीकर समोर ठेवून, झांज घेऊन बसायचे. माणूस रोज स्वतःला गाठायला बसायचा आणि रोज तेवढ्याच अंतराने हुकायचा. हे सगळं लिंगम्माने दुकानात येऊन उमादेवीला सांगितलं, आणि उमादेवीने नवऱ्याला, एक शब्द न गाळता.

त्या दिवशी प्रभुलिंगने मागच्या खोलीत बसून काशप्पांची बंद केलेली पट्टी उघडली. ती त्याने पुसलेली नव्हती. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने ठोके मोजले. रेघेपासून पहिला ठोका जितका मागे, शेवटचा तितकाच. चार तासांत फरक नाही. चुकणारा माणूस कधी थोडा चुकतो, कधी फार. इतक्या मापात चुकलेला माणूस त्याने बत्तीस मंडळांत पाहिला नव्हता. हे आपल्याला डिसेंबरात कळलं असतं तर, असा विचार त्याने सुरू केला आणि मग सोडला, कारण डिसेंबरात त्याने ते पाहिलं होतं.

फाल्गुनात काशप्पा स्वतःच दुकानात आले.

‘‘प्रभू, गुलबर्ग्याला नसांचा मोठा डॉक्टर हाय म्हणं. मला ते नवं गुलबर्गा कळत न्हाई आता. चलतोस संगं?’’

नाही म्हणण्यासारखं कारण प्रभुलिंगला सुचलं नाही. सुचलं असतं तरी उमादेवी दारात उभी होती.

गाडीत काशप्पा खिडकीशी बसले. पिशवीत झांज होती, डॉक्टरला दाखवायला. सगळी वाट प्रभुलिंगने मनात वाक्यं जुळवली. जे तो रोज दुसऱ्यांच्या ओळींचं करायचा तेच. हे आधी घ्यावं, ते मागं टाकावं, हे गाळावं. गुलबर्ग्याला उतरेपर्यंत सगळंच गाळून झालं होतं.

डॉक्टर तरुण होता. त्याने काशप्पांच्या हाताला तारा चिकटवल्या, बारीक झटके दिले आणि पडद्यावर रेघा उमटल्या. प्रभुलिंगला रेघा वाचता येतात. एकसारख्या, स्वच्छ, एकही मागे नाही.

‘‘हाताला काही झालेलं नाही,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘या वयात असा हात बघायला मिळत नाही.’’

‘‘मंग मी मागं कामून पडायलोय?’’

‘‘कुणाच्या मागे?’’

‘‘माझ्याच.’’

डॉक्टरने प्रभुलिंगकडे पाहिलं. प्रभुलिंगने जमिनीकडे. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

दवाखान्याच्या आवारात चहाची टपरी होती, समोर सिमेंटचं बाकडं. काशप्पा बाकड्यावर बसले. रोग सापडला नाही म्हणून त्यांचा चेहरा उतरलेला होता. प्रभुलिंगने दोन चहा आणि बिस्किटांचा पुडा आणला, एक चहा त्यांच्या हातात दिला आणि उभ्यानेच म्हणाला,

‘‘अप्पा, त्यात तुम्ही न्हाई.’’

‘‘कशात?’’

‘‘गाण्यात. तुमची झांज मी काढली. ती दुसरीच हाय. मी खोटं बोललो.’’

काशप्पांनी बिस्किट चहात बुडवलं. जास्त वेळ बुडवलं, ते तुटून पडलं. त्यांनी दुसरं घेतलं.

‘‘एक बी ठोका न्हाई माझा?’’

‘‘एक बी न्हाई.’’

‘‘मंग ती कुणाची?’’

‘‘कंप्युटरची.’’

‘‘त्यात बी कुणी तरी वाजीवलंच असंल की आधी.’’

‘‘व्हय. परदेशातला असंल कुणी तरी.’’

‘‘हात चांगला हाय त्याचा,’’ काशप्पा म्हणाले. ओळखीच्या कारागिराबद्दल बोलावं तसं. मग त्यांनी चहा संपवला.

‘‘कामून काढलास?’’

‘‘मागं पडत होती.’’

‘‘म्हंजे तवा बी?’’

‘‘तवा बी.’’ प्रभुलिंग आता बाकड्यावर बसला. ‘‘पण अप्पा, दर ठोक्याला एकाच मापानं. मी मोजलोय. अन् सगळे तुमच्यासाठी थांबायचे. पालुपद धरायच्या आधी, दर बारीला. चनमल्लप्पा अण्णा बी. ते थांबणं बी मीच कापलो.’’

‘‘चनमल्ला थांबायचा?’’

‘‘व्हय.’’

‘‘त्याला ठाव हाय का हे?’’

‘‘न्हाई. ठाव असतं तर थांबला नसता.’’

काशप्पांना हसू आलं. ते आलं तसं गेलं. प्रभुलिंगने तोंडाला आलेलं सगळं ओतून टाकलं. तुमची मूळ झांज अजून आहे, सहाही गाणी पुन्हा करतो, येत्या बेस्तरवारी मंडळापुढं उभा राहतो आणि सगळ्यांच्या देखत सांगतो.

‘‘काय सांगशील?’’

‘‘हेच. झालं ते.’’

‘‘म्हंजे काशप्पा चव्वेचाळीस वर्सं मागं होता, ते मशीनला कळलं, म्हणून काढला. असंच न्हवं?’’

‘‘तसं न्हाई अप्पा...’’

‘‘तसंच ऐकतेत लोक. तू थांबायचं-बिंबायचं सांगशील, ते कुणाच्या ध्यानात ऱ्हाईल? मागं होता, एवढंच ऱ्हाईल.’’ त्यांनी कप बाकड्याखाली ठेवला. ‘‘हे बघ. हात गेला म्हणलं तर लोक घरी येतेत, शेजारी बसतेत, साखरंची पुडी आणतेत. मुळातूनच येत न्हवतं म्हणलं तर हसतेत. डॉक्टर काय म्हणला?’’

‘‘हाताला काही न्हाई म्हणला.’’

‘‘नस कमजोर हाय म्हणला.’’

प्रभुलिंगने आपला कप खाली ठेवला.

‘‘काय म्हणला डॉक्टर?’’

‘‘अप्पा, मला न्हाई जमायचं.’’

‘‘तवा जमलं की रे बाबा. काय म्हणला?’’

‘‘नस...’’

‘‘नीट.’’

‘‘नस कमजोर हाय म्हणला.’’

‘‘हां. चनमल्ला इचारंल तवा असंच सरळ सांग. अडखळू नको.’’

पहिली दोन खोटी प्रभुलिंगची स्वतःची होती. हे तिसरं काशप्पांनी त्याला शिक्षा म्हणून दिलं की माफी म्हणून, ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही. परतीच्या गाडीत काशप्पा झोपले. पिशवी प्रभुलिंगच्या मांडीवर होती. दर खड्ड्याला झांज आतल्या आत वाजत होती आणि तो ती दोन्ही हातांनी दाबून धरत होता.

बेस्तरवारी चनमल्लप्पांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. अडखळला नाही. पेटीवरचे हात तसेच ठेवून चनमल्लप्पा रडायला लागले. ‘‘अन् मी काय काय बोललो हो अप्पा तुम्हाला! माइक न्हाई म्हणून मन लागंना म्हणलो. जीभ झडू द्या माझी.’’ त्या संध्याकाळी काशप्पांच्या घरी अकरा जण जाऊन बसले. साखरेच्या पुड्या अकरा झाल्या. लिंगम्माला महिनाभर साखर विकत घ्यावी लागली नाही.

झांज आता सोमशेखर नावाचा नवा गडी वाजवतो. रेघेवर वाजवतो. काशप्पा त्याच ओळीत, हात मांडीवर ठेवून बसतात आणि गातात. गातानाही ते किंचित मागे असतात, पण बारा गळ्यांत ते कुणाला कळत नाही. कळतं ते फक्त प्रभुलिंगला, म्हणून तो गुरुवारी त्या बाजूची कामं घेत नाही.

पाडव्याला मंडळाने काशप्पांचा सत्कार केला. शाल, नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र. मजकूर चनमल्लप्पांनी सांगितला. टाइप करून, छापून, चौकट बसवून प्रभुलिंगने दिला. तो असा : ‘श्री. काशप्पा यांनी मंडळात सलग चव्वेचाळीस वर्षे अचूक तालसेवा केली असून, उजव्या हाताच्या नसांच्या दौर्बल्यामुळे ते नाइलाजाने निवृत्त होत आहेत. सदर दौर्बल्याची वैद्यकीय तपासणी कलबुर्गी येथे करण्यात आली आहे. त्यांचे वादन ध्वनिमुद्रणाच्या रूपाने पुढील पिढ्यांसाठी जतन झाले आहे, याचा मंडळास अभिमान वाटतो.’

काशप्पांनी प्रमाणपत्र डाव्या हाताने घेतलं. उजव्याला आधार म्हणून चनमल्लप्पांनी तो स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

तो हात ठणठणीत आहे.